बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या फौंड्री आणि मशीनशॉप मालकांना खुलं पत्र : कास्टिंगचा हिशेब ठेवता, तसा हाताबोटांचाही ठेवा

मालक लोकांनो, सप्रेम नमस्कार.

मी मेंटेनन्सचा फिटर. आधी उद्यमबागेत, मग मच्छेला, फौंड्रीत (लोखंड वितळवून साच्यात ओततात तिथे) पण आणि मशीनशॉपमध्ये पण, सगळं कामाचं आयुष्य ह्याच पट्ट्यात गेलं आणि अजून चाललंय. कुठल्या एका कंपनीवर राग काढायला हे लिहीत नाही म्हणून कुणाचं नाव घेणार नाही. तुमच्यातले बरेच जण मला तोंडाने ओळखतात, तुमची मशीनं मी उघडलेली आहेत. मागणं एकच आहे. तुमच्या शेडमध्ये कुणाला लागलं, भाजलं, कापलं, कुणाची छाती भरली, कुणाला ऐकू कमी यायला लागलं, तर ते त्याच दिवशी लिहून ठेवा आणि महिन्यातून एकदा ते कागद पुढ्यात घेऊन बसा.

हे काहीतरी नवीन झंझट आहे असं वाटत असेल तर तुमच्याच शेडमध्ये आत्ता काय काय लिहिलं जातं ते बघा की. एक कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेला भाग, रिजेक्ट झालं की त्याच्यावर खडूने फुली पडते, रिजेक्शन शीटवर ब्लो होल की सँड इन्क्लुजन की कोल्ड शट की श्रिंकेज, दोष कुठला ते येतं, हीट नंबर (भट्टीची खेप कुठली) येतो, पॅटर्न कुठला, शिफ्ट कुठली, बॉक्स कुणी भरला ते सगळं येतं, आणि टक्केवारी वाढली की कस्टमरला रिपोर्ट जातो ज्याच्यात पाच वेळा का, का विचारून मूळ कारण काढलेलं असतं. सीएनसी थोडा वेळ बंद पडली तर माझ्या टेबलावर ब्रेकडाऊन स्लिप येते, किती वाजता बंद पडली, किती वाजता चालू झाली, कुठला पार्ट बदलला. आणि त्याच शिफ्टला त्याच शेडमध्ये फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करायच्या) पोराच्या डोळ्यात कण गेला तर शेजारचा कुणीतरी रुमालाच्या टोकाने काढतो, नाही निघाला तर सुपरवायझर गाडीवर बसवून दवाखान्यात नेतो, डॉक्टर कण काढून थेंब देतात, शंभर-दोनशे रुपये सुपरवायझर पेटी कॅशमधून घालतो आणि पोरगं दुसऱ्या दिवशी लाल डोळा घेऊन परत ग्राइंडरवर. कागद कुठेच नाही. पेटी कॅशच्या व्हाउचरवर तेवढं "मेडिकल" म्हणून लिहिलेलं असतं.

लिहिलं तर काय होतं ते एका गोष्टीवरून सांगतो. इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, धातू उसळतो, शिंतोडे उडतात, हे सगळ्या फौंड्रीवाल्यांना माहीत आहे आणि सगळे म्हणतात की असं होतंच, भट्टी म्हटल्यावर. ओला स्क्रॅप पातळ लोखंडात गेला की त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या साधारण 1,600 ते 1,700 पट जागा लागते, ती वाफ धातूच्या खाली अडकली की वरचं सगळं उडवते. मी एका ठिकाणी होतो तिथे आम्ही फर्नेसवरच्या माणसांनी आणि मी मिळून एका जुन्या डायरीत असं उडालं की तारीख-वेळ टाकायला सुरुवात केली, कुणाला भाजलं असो नसो. फार काही नाही, एक ओळ. पावसाळा संपल्यावर पानं उलटून बघितली तर जून-जुलैत ओळीच ओळी, आणि त्यातही जास्त करून सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या चार्जला, म्हणजे भट्टीत टाकायच्या पहिल्या मालाला. म्हणजे काय, तर बेळगावच्या पावसात यार्डात उघड्यावर पडलेला स्क्रॅप सुट्टीभर भिजायचा आणि सकाळी तसाच आत जायचा. मालकांना ती पानं दाखवली, त्यांनी स्क्रॅपवर पत्र्याची शेड मारली आणि चार्ज आधी फर्नेसच्या कडेला तापवून मग आत सोडायचा नियम केला. पुढच्या पावसाळ्यात डायरीतल्या ओळी फारच कमी झाल्या. ह्याच्यात मोठा सेफ्टी ऑफिसर नव्हता, कन्सल्टंट नव्हता, एक डायरी होती आणि ती वाचणारा मालक होता.

म्हणून म्हणतो की लागलेलंच नाही, थोडक्यात वाचलेलं पण लिहा. लॅडल, म्हणजे पातळ धातू न्यायचं भांडं, घसरला पण पायावर नाही पडला, क्रेनची साखळी सटकली पण खाली कुणी नव्हतं, ग्राइंडिंग व्हील फुटलं पण गार्डने अडवलं, हे सगळं फुकटात मिळालेली सूचना आहे. ती ऐकली नाही तर पुढची सूचना कुणाच्या तरी हाडामासावर येते.

आता पॉवर प्रेसचं, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनचं, बघा. दोन हातांची बटणं असतात, दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम (वरचा दाबणारा भाग) खाली येऊ नये म्हणून. पीस रेटवर काम असलं की एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात, कधी ऑपरेटर स्वतः, कधी सुपरवायझरच्या डोळ्यादेखत, कारण तासाला तेवढेच पीस जास्त निघतात. मी ती पट्टी किती वेळा काढली आणि दुसऱ्या शिफ्टला परत लागलेली बघितली. मग एक दिवस बोट जातं. आणि बोट गेल्यावर पहिलं वाक्य जे कानात सांगितलं जातं ते हे की दवाखान्यात विचारलं तर घरी लागलं म्हणून सांग, आम्ही बघतो तुझं सगळं.

मालक, ह्या एका वाक्याने त्या माणसाचं किती नुकसान होतं ते हिशेबात सांगतो, कारण तुम्हाला हिशेब कळतो. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, साधं आजारपण धरलं तर पगाराच्या 70 टक्के मिळतात, ते पण वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस, आणि त्याच्यासाठी आधी वर्गणीचे दिवस भरलेले लागतात. तेच कामावरची इजा म्हणून नोंद झाली तर 90 टक्के, बरा होईपर्यंत, आणि कामाला लागल्याच्या पहिल्या दिवशी जरी लागलं तरी हक्क आहे. कायमचं अपंगत्व राहिलं तर आयुष्यभर महिन्याला पैसे येतात, कमाईची ताकद किती टक्के गेली त्या हिशेबाने. कायद्याच्या तक्त्यात अंगठ्याला 30 टक्के आहेत, तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के. घरी लागलं म्हटलं की हे सगळं गेलं. तुम्ही दिलेले आठ-दहा हजार रोख तो दवाखान्यातच संपवतो, आणि पुढची तीस वर्षं नट धरता येत नाही त्या हाताने.

आणि लपवून तुमचा तरी काय फायदा? माणूस ईएसआयमध्ये असेल तर कामावरच्या इजेचे पैसे ईएसआय देते, तुमच्या खिशातून जात नाहीत, तुम्ही 3.25 टक्के भरता आणि तो 0.75 टक्के भरतो ते ह्याच्यासाठीच तर आहे. खरी भीती असते ती माणसाचं ईएसआय काढलेलंच नसतं त्याची, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे आणि उघड बोलायला पाहिजे. तिथे मग 1923 चा भरपाईचा कायदा होता, पैसे देणं लागल्यापासून महिन्यात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि वरून 50 टक्क्यांपर्यंत दंड. आता ते कलम नवीन सामाजिक सुरक्षा कोडमध्ये, म्हणजे कायद्यात, गेलंय पण जबाबदारी तुमच्या डोक्यावरून हललेली नाही. म्हणजे नोंद न करण्याचा रस्ता दोन्हीकडून महागच पडतो.

बोटाचं निदान दिसतं तरी. जे दिसत नाही त्याच्याबद्दल जास्त सांगायचं आहे मला. फेटलिंग आणि नॉकआऊटला (साचा फोडून कास्टिंग काढतात तिथे) जाऊन एकदा दिवे बंद करून बघा, संध्याकाळच्या उन्हाची तिरीप पत्र्याच्या फटीतून आत येते तेव्हा हवेत जे चमकतं ती वाळू आहे, आणि जी खरी घातक आहे ती त्याच्यापेक्षा बारीक असल्यामुळे डोळ्याला दिसतच नाही. दहा मायक्रॉनच्या आतली सिलिकाची धूळ फुप्फुसाच्या पार तळाशी जाऊन बसते आणि तिथे गाठी करते, त्याला सिलिकोसिस म्हणतात. ते बरं होत नाही, औषध नाही. आणि ते लगेच होत नाही, दहा-पंधरा वर्षांनी दम लागायला लागतो, धूळ फार असली तर त्याच्या आधीच. तोपर्यंत तो माणूस तुमच्याकडे नसतोच, दोन-तीन फौंड्र्या बदलून झालेल्या असतात किंवा गावी चंदगडकडे नाहीतर खानापूरकडे परत गेलेला असतो आणि तिथल्या दवाखान्यात त्याला टीबी म्हणून गोळ्या चालू असतात. टीबी पण होतो त्याला, सिलिकोसिसवाल्याला टीबी लवकर धरतो, म्हणून निदानाचा आणखीनच घोटाळा. डॉक्टरांनी जर एवढंच विचारलं की बाबा तू आयुष्यभर काम काय केलंस, आणि त्याच्या हातात एखादा कागद असला की इतकी वर्षं फेटलिंगला होतो, ह्या साली एक्स-रे असा होता, तर निम्मं काम तिथेच होतं.

म्हणून माझं म्हणणं असं की वाळूत काम करणाऱ्या प्रत्येकाचा कामावर घेताना एक छातीचा एक्स-रे आणि फुंकायच्या मशीनवरची टेस्ट करा, मग दरवर्षी करा, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याची कॉपी त्याच्या हातात द्या. ऑफिसच्या कपाटात ठेवलेला रिपोर्ट ऑडिटला उपयोगी पडतो, माणसाला पडत नाही. ज्याच्या फुंकीत दोन वर्षांत फरक दिसला त्याला धुळीतून बाहेर काढून दुसरीकडे लावा, पगार न कापता. कानाचं पण तसंच. टंबलर, नॉकआऊट, चिपिंग हॅमर ह्यांच्या शेजारी आठ तास उभा राहणारा माणूस घरी टीव्हीचा आवाज वाढवायला लागतो तेव्हा बायकोला कळतं, कंपनीला कळत नाही. सिलिकोसिस आणि आवाजाने ऐकू न येणं हे दोन्ही कायद्याच्या कळवायच्या आजारांच्या यादीत आहेत, 1948 च्या फॅक्टरी कायद्यात होते आणि सुरक्षेच्या नवीन कोडमध्ये पण आहेत, आणि कळवायची जबाबदारी मालकावर तर आहेच, तपासणाऱ्या डॉक्टरवर पण आहे. आपल्या इथल्या डॉक्टर मंडळींना पण हात जोडून सांगणं आहे, खोकला घेऊन आलेल्या माणसाला त्याचं काम विचारा आणि केस पेपरवर लिहा.

कायदा निघालाच आहे तर तेवढं सांगून पुढे जातो. 1948 च्या कायद्याचं 88 कलम होतं, अपघाताने मेला किंवा 48 तास किंवा जास्त काम करता आलं नाही तर कळवायचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून सुरक्षेचा 2020 चा नवीन कोड लागू झालाय, त्यात 10, 11, 12 ह्या कलमांत अपघात, धोक्याचे प्रसंग आणि आजार कळवायचे आहेत. पण त्याच कोडने विजेवर चालणाऱ्या फॅक्टरीची व्याख्या 10 कामगारांवरून 20 वर नेली. आपल्याकडे बारा-पंधरा माणसांचे शेड गल्लोगल्ली आहेत, आणि बोटं काय माणसं मोजून जात नाहीत. तुम्ही छोटे असाल आणि फॅक्टरी म्हणून मोजले जात नसाल तरी हा हिशेब ठेवा, कुणी मागो न मागो.

दुसरं म्हणजे कॉन्ट्रॅक्टरची माणसं. आता निम्मी फेटलिंग आणि मोल्डिंग ओडिशा, बिहार, झारखंडच्या पोरांच्या जिवावर चालते आणि ती तुमच्या मस्टरवर (हजेरीपटावर) नसतात. लागलं की कॉन्ट्रॅक्टर गाडीत घालून नेतो, आठवड्याने दुसरं पोरगं उभं. पहिल्याचं काय झालं ते त्याच्या खोलीवरच्यांना तेवढं माहीत असतं. अमेरिकेत इजा लिहायच्या नोंदवहीचा नियम असा आहे की रोजच्या कामावर जो देखरेख करतो त्यानेच लिहायचं, माणूस कुणाच्या का पगारावर असेना. हे मला एकदम बरोबर वाटतं. हँगरवरचा लॅडल तुमचा, ग्राइंडर तुमचा, काम सांगणारा सुपरवायझर तुमचा, मग नोंद पण तुमच्याच वहीत पाहिजे.

अमेरिकेतली आणखी एक पद्धत घेण्यासारखी आहे. 1970 च्या कायद्यानंतर तिथे दहाच्या वर कामगार असलेल्या बहुतेक कंपन्यांना ही वही ठेवावी लागते, पाच वर्षं जपावी लागते, आणि वर्षाचा गोषवारा 1 फेब्रुवारी ते 30 एप्रिल कामगारांना दिसेल असा भिंतीवर लावावा लागतो. सोडून गेलेल्या कामगाराने जरी वही बघायला मागितली तरी दाखवावी लागते. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, तिथेही लपवतात. पण निदान लपवलं असं म्हणता यावं एवढी वही तरी असते.

आता एका बोर्डाबद्दल. गेटवर मोठा बोर्ड असतो, अपघाताविना इतके दिवस, आणि रोज आकडा एकने वाढतो. 4 मार्चला सेफ्टी डेला त्याच्यापुढे उभं राहून शपथ घेतो आपण, हेल्मेट घालून फोटो काढतो. माझी कळकळीची विनंती आहे की तो बोर्ड काढा. आकडा शून्यावर आला की पूर्ण शॉपचं बक्षीस जातं, म्हणून ज्याला लागलं त्यालाच बाकीचे गप्प बस म्हणतात, आणि तो पण बसतो. त्याच्या जागी असं लिहा की ह्या महिन्यात किती लागलं, किती थोडक्यात वाचलं आणि त्यातल्या किती ठिकाणी काम करून झालं. ज्याने धोका दाखवला त्याचं नाव सकाळच्या मीटिंगला घ्या. आकडा पहिले सहा महिने वाढणार, ते नक्की. तेव्हा घाबरून वही बंद करू नका, आकडा वाढला म्हणजे माणसं बोलायला लागली.

वही कशी ठेवायची ते पण सांगतो कारण मला विचारतात. फार मोठा फॉर्म केला की कुणी भरत नाही. तारीख आणि घड्याळातली वेळ, शिफ्ट सुरू होऊन किती तास झाले होते (हे लिहाच, ओव्हरटाइमच्या शेवटच्या तासांत काय होतं ते ह्याच्यावरून कळतं), मशीन नंबर, कुठला जॉब, शरीराचा कुठला भाग, मस्टरचा की कॉन्ट्रॅक्टचा. मग दोन ओळीत काय झालं, त्याच्याच शब्दांत. निष्काळजीपणा हा शब्द कारणाच्या रकान्यात लिहायला बंदी करा, कारण तो लिहिला की पुढे कुणी विचारच करत नाही. कास्टिंगमध्ये ब्लो होल आलं तर कारण म्हणून कास्टिंगचा निष्काळजीपणा लिहिता का? वाळूत ओलावा किती, व्हेंट होते का, ते बघता. तसंच इथे बघायचं, गार्ड होता का, उजेड होता का, हँडग्लोव्ह फाटका होता का, टार्गेट काय दिलं होतं. आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, काय बदललं, कुणी, कुठल्या तारखेला. तो रिकामा राहिला तर वरचं सगळं लिहिलेलं वाया.

भाषेचं पण बघा. सीमाभागात आपल्याला सवय आहे, सरकारी कागद कन्नडमध्ये, ऑडिटचे इंग्रजीत, आणि शॉपफ्लोअरवर बोलणं मराठी, कन्नड आणि आता हिंदी, ओडिया. जुन्या फॅक्टरी कायद्याच्या 108 कलमात होतंच की नोटीस इंग्रजीत आणि जास्तीत जास्त कामगारांना समजेल त्या भाषेत लावायची. ह्याच्यात कुठल्या भाषेचा मान-अपमान आणू नका. ज्याला जे येतं त्यात लिहू दे, लिहिता येत नसेल तर शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलून पाठवू दे, टाइम ऑफिसने उतरवून घ्यायचं. भाजलेल्या माणसाला फॉर्म वाचता येत नाही म्हणून त्याची नोंद राहिली असं होता कामा नये.

कारखाने आणि बॉयलर खात्याच्या साहेबांनाही ह्याच पत्रातून सांगणं आहे. जो मालक जास्त नोंदी दाखवतो त्याच्याकडे आधी धाड आणि जो कोरी वही दाखवतो त्याला शाबासकी, असं झालं तर कुणीच लिहिणार नाही. पन्नास माणसांची फौंड्री आणि वर्षात एकही कण डोळ्यात गेला नाही असं कुणी म्हणत असेल तर तिथे आधी जा.

वडगाव-खासबागच्या घरातल्या मागांवर धोट्याचा मार बसतो, निपाणीच्या तंबाखू वखारीत बायका दिवसभर त्या धुळीत बसतात, त्यांचं तर कुठल्याच वहीत काही येत नाही. त्यांच्यासाठी वेगळं लिहावं लागेल आणि माझ्यापेक्षा त्यांच्यातल्याच कुणी लिहिलं तर बरं.

तुमच्या मालक लोकांच्या मीटिंगा होतात महिन्याला, वीजदर, जीएसटी, पिग आयर्नचा भाव सगळं बोलता. पुढच्या मीटिंगला हा विषय घ्या. नावं न घालता प्रत्येकाने आपल्या महिन्याच्या नोंदी आणायच्या आणि एकमेकांपुढे ठेवायच्या, कारण होनग्याच्या प्रेसला जे झालं तेच सहा महिन्यांनी मच्छेच्या प्रेसला होतं, मशीन तेच, चिकटपट्टी तीच. दोन बटणांमध्ये टायमर बसवून एक बटण दाबून ठेवलं तर प्रेस चालणारच नाही असं करता येतं, एक छोटा रिले मॉड्यूल लागतो आणि अर्ध्या दिवसाचं वायरिंग. ज्यांना पाहिजे त्यांच्या प्रेसला मी सुट्टीच्या दिवशी येऊन बसवून देतो, मजुरी नको, सामान तेवढं आणून ठेवा.

आपला,
मच्छेचा एक मेंटेनन्स फिटर